मृत्युपत्र करताना खरी काळजी साक्षीदारांच्या सह्यांची घ्या

मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्टॅम्प पेपर कितीचा घ्यायचा?" घ्यायचाच नाही. साधा कोरा कागद पुरतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. ते मराठीत लिहिलेलं चालतं, हाताने लिहिलेलं चालतं, टाइप केलेलंही चालतं. नोटरीचा शिक्का लागत नाही, आणि मारला म्हणून साक्षीदारांची उणीव भरून निघत नाही. गेल्या पंधरा वर्षांत नात्यातली आणि शेजारची वीसेक मृत्युपत्रं करायला मी बसले आहे. लोक जिथे जीव टाकतात तिथे सहसा काही बिघडत नाही, आणि बिघडतं तिथे कुणी बघत नाही.

पुढचं सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांपुरतं आहे. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात मुलाबाळांचा निम्मा वाटा कायद्यानेच राखलेला असतो आणि तिथली पद्धतही वेगळी आहे. अशांनी त्या कायद्याच्या जाणत्या वकिलाकडेच जावं.

यादी. सातबारा, आठ-अ, प्रॉपर्टी कार्ड, फ्लॅटचा करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पासबुकं, ठेवींच्या पावत्या, दागिने. वर्णन कागदावर आहे तसंच उतरवा. "ओढ्याकडचं शेत" असं लिहू नका. गाव, गट नंबर आणि क्षेत्र लिहा.

आपलं काय, ते ठरवा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतला फक्त स्वतःचा हिस्सा तुम्हाला मृत्युपत्राने देता येतो. सगळी जमीन थोरल्याच्या नावाने लिहून ठेवणारे वडील मी अजूनही पाहते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची अट नाही, हेही स्पष्ट केलं. मुलीचा हिस्सा वडिलांच्या मृत्युपत्राने जात नाही. स्वकष्टार्जित मिळकत मात्र हवी त्याला देता येते.

नॉमिनी. "नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला?" हे वाक्य मला बँकांच्या रांगेत कितीदा ऐकू आलं असेल. बँक नॉमिनीच्या हातात पैसे देते, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव आहे त्याची असते. शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. विम्याच्या पैशांचे नियम काहीसे वेगळे आहेत. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत शक्यतो एकच नाव ठेवा. दोन नावं आली की दोन घरं बोलेनाशी होतात.

मजकूर. नाव, वय, पत्ता, "याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द", कुणाला काय, ती व्यक्ती आपल्याआधी गेली तर कुणाला, "याखेरीज जी मिळकत निघेल ती" कुणाला, आणि व्यवस्थापक, म्हणजे आपल्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून देणारा, कोण. एखाद्या मुलाला काही द्यायचं नसेल तर त्याचं नाव गाळू नका. नाव लिहा आणि कारण एका ओळीत द्या. गाळलेल्या नावाबद्दल पुढे "म्हातारीला आठवलंच नाही" असं म्हणता येतं.

साक्षीदार. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५, कलम ६३. निदान दोन साक्षीदार हवेत. करणाऱ्याने सही किंवा अंगठा त्यांच्यासमोर करावा, किंवा "ही माझीच सही" असं त्यांना स्वतः सांगावं. आणि प्रत्येक साक्षीदाराने आपली सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समोर करावी. हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

मी ते वाचलं नव्हतं. माझ्या मावशीचं मृत्युपत्र मीच लिहून काढलं. दोन खोल्यांचं घर तिच्या स्वतःच्या नावावर होतं आणि ते तिला तिच्याजवळ राहून तिचं सगळं करणाऱ्या लेकीला द्यायचं होतं. मुलगा पुण्यात स्थिरावलेला. मावशीने पलंगावर बसून, मांडीवर पाट घेऊन सही केली. एक साक्षीदार समोर होते. दुसरे गल्लीतले, ते यायचे राहिले, वर पाऊस. मी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या दारात गेले. ते बाहेरच निघाले होते, पत्र्याखाली स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून त्यांनी सही केली. पाच मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश.

मावशी गेल्यावर मुलाने हरकत घेतली. पहिले साक्षीदार तोवर वारले होते. दुसऱ्यांना वकिलाने एकच प्रश्न विचारला: "तुम्ही सही केलीत तेव्हा त्या समोर होत्या?" सरळ माणूस. म्हणाले, "नाही, स्कूटरवर ठेवून केली." मृत्युपत्र तिथेच पडलं. घर दोघांत निम्मं-निम्मं झालं, भावाचा वाटा देण्याइतके पैसे बहिणीकडे नव्हते, घर विकलं गेलं. ती आता भाड्याच्या खोलीत राहते. हे माझ्या हातून झालं, म्हणून मी हे इतकं लांबवते आहे.

तेव्हापासून माझ्याकडची पद्धत ठरलेली आहे. तिघं एका खोलीत येईपर्यंत पेन काढायचं नाही. साक्षीदार वेगवेगळ्या वेळी आले तरी कायद्याला चालतं, मला चालत नाही. दार लावायचं, फोन बाजूला. आधी मृत्युपत्र करणारा प्रत्येक पानावर सही करतो आणि शेवटच्या पानावर मजकूर संपतो तिथे लगेच खाली पूर्ण सही. मध्ये कोरी जागा सोडायची नाही. मग एक साक्षीदार, मग दुसरा. सह्यांच्या वर हे वाक्य: "यांनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही यांच्यासमक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या." सहीखाली नाव, वय, पत्ता आणि त्याच दिवसाची तारीख. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा आणि तसं लिहा. साक्षीदारांना मात्र मजकूर कळायलाच हवा असं नाही. झाकून ठेवला तरी चालतो.

ज्याला घर मिळणार आहे तो त्या खोलीत नको, आणि साक्षीदार म्हणून तर तो किंवा त्याची बायको नकोच. लाभ घेणाऱ्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला तर ती संशयाची बाब ठरते आणि तो दूर करण्याचा बोजा त्याच्यावरच येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलं आहे. चहा ठेवायच्या निमित्तानेसुद्धा सुनेला आत-बाहेर करू देऊ नका.

साक्षीदार समवयस्क मित्र नको. ऐंशीच्या माणसाला ऐंशीचे दोन साक्षीदार घेतात, मग कोर्टात कोण उभं राहणार? मृत्युपत्र सिद्ध करायला साक्षीदार हयात असेल तर निदान एकाची तरी साक्ष लागते. दोघंही नसतील तर त्यांची हस्ताक्षरं ओळखणारा माणूस शोधत फिरा. एक तरी साक्षीदार पंधरा-वीस वर्षांनी लहान आणि त्याच गावात राहणारा घ्या. दुसरे शक्यतो घरचे डॉक्टर. त्यांचा "शुद्धीवर आहेत" असा दाखला वेगळ्या कागदावर टाचण्यापेक्षा त्यांनीच साक्षीदार म्हणून बसावं. मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर जरूर करा, पण ते सह्यांची जागा घेत नाही.

नंतर एक शब्द बदलायचा झाला तरी खाडाखोड नको. नवं मृत्युपत्र करा, पुन्हा तिघं बसा. शेवटचं तेच खरं.

नोंदणी. सक्तीची नाही, तरी करा. फी नाममात्र आहे. आजारी माणसासाठी दुय्यम निबंधकांना अर्ज करून घरी बोलावता येतं. नोंदणीने कागद गहाळ किंवा बदलला जायची भीती जाते. साक्षीदार मात्र नोंदणीनंतरही लागतातच.

ठेवायचं कुठे. फक्त तुमच्याच नावाच्या लॉकरमध्ये नको, तो तुमच्यानंतर सहजी उघडत नाही. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे द्या, सोबत दोन्ही साक्षीदारांचे पत्ते आणि फोन नंबर. दर दिवाळीला त्या दोघांना फोन करा. एखादा गेला असेल किंवा मुलाकडे परदेशी राहायला गेला असेल तर त्याच महिन्यात नवे साक्षीदार घेऊन पुन्हा बसा.