व्हिएतनामचा ध्वज बनवताना तारा नेमका कुठे बसवायचा

लाल कापड आणि त्यावर पिवळा तारा. व्हिएतनामचा ध्वज दिसायला इतका सोपा आहे की तो करताना मोजपट्टी घ्यावी असे कुणाला वाटतच नाही. म्हणून शाळेच्या प्रदर्शनापासून परिषदेच्या मंचापर्यंत तो चुकलेला दिसतो, आणि चूक बहुधा एकच असते: तारा खाली सरकलेला. ‘तारा मधोमध लावा’ एवढाच सल्ला कुणी देत असेल तर तो ऐकू नका. मधोमध म्हणजे कशाच्या मधोमध, इथेच सगळी गोम आहे.

आधी काळ ठरवा

आजचा ध्वज हवा असेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. नाटक, चित्र किंवा इतिहासाचा तक्ता करायचा असेल तर मात्र थांबा.

लाल कापडावर पिवळा तारा हे निशाण पहिल्यांदा झळकले ते 23 नोव्हेंबर 1940 रोजी, फ्रेंचांविरुद्ध दक्षिणेत झालेल्या नाम की उठावात. पुढच्या वर्षी व्हिएत मिन्ह या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या आघाडीने ते उचलले आणि सप्टेंबर 1945 मध्ये हो चि मिन्ह यांच्या हुकुमाने तो राष्ट्रध्वज झाला. त्या ध्वजातला तारा मात्र आजच्यासारखा नव्हता. त्याच्या कडा किंचित फुगीर होत्या आणि तारा गुबगुबीत दिसायचा. 30 नोव्हेंबर 1955 रोजी कडा सरळ करण्यात आल्या. तेव्हा 2 सप्टेंबर 1945 रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात झालेल्या स्वातंत्र्यघोषणेचा देखावा उभा करायचा असेल, तर धारदार तारा लावणे चूकच.

1948 ते 1975 या काळात कम्युनिस्टविरोधी सरकारचा, म्हणजे पुढच्या दक्षिण व्हिएतनामचा, ध्वज वेगळा होता: पिवळे कापड आणि त्यावर तीन आडव्या लाल पट्ट्या. या सरकारविरुद्ध लढायला डिसेंबर 1960 मध्ये स्थापन झालेल्या मुक्ती आघाडीचा आणखी वेगळा: वरचा अर्धा भाग लाल, खालचा अर्धा निळा, मध्ये पिवळा तारा. 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले तेव्हा तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर चढवला गेला तो हा लाल-निळा ध्वज. चित्रांत तिथे सर्रास पूर्ण लाल ध्वज रंगवतात. एकत्रित व्हिएतनामने लाल ध्वज स्वीकारला तो 2 जुलै 1976 रोजी.

तक्त्यावर ध्वजाच्या रचनाकाराचे नाव घालायचे असेल तर जपून. श्रेय बहुतेक ठिकाणी गुयेन हू तिएन यांना दिले जाते, पण ले क्वांग सो यांच्या बाजूनेही दावा आहे आणि त्यावर व्हिएतनाममध्येच वाद झाला आहे. ताऱ्याच्या पाच टोकांचेही तसेच. बुद्धिजीवी, शेतकरी, कामगार, व्यापारी, सैनिक अशी एक यादी आहे; दुसऱ्या यादीत व्यापाऱ्यांच्या जागी तरुण येतात. राज्यघटनेच्या 13 व्या कलमात ध्वजाचे वर्णन आहे, टोकांचा अर्थ नाही. ‘असे मानले जाते’ एवढे लिहा आणि पुढे चला.

मापे

रुंदी लांबीच्या दोनतृतीयांश. ताऱ्याच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर लांबीच्या एकपंचमांश. एक टोक सरळ वर. बस्स.

90 × 60 सेंमी हा आकार घ्या. भारतीय ध्वजाचे प्रमाणही 3:2 आहे आणि 900 × 600 मिमी हे त्याच्या ठरलेल्या मापांपैकी एक आहे, त्यामुळे दोन्ही ध्वज शेजारी लावताना अडचण येत नाही. या आकारात ताऱ्याची त्रिज्या 18 सेंमी. टेबलावरच्या 15 × 10 सेंमीच्या ध्वजात 3 सेंमी. चीनच्या सीमेजवळच्या लुंग कू मनोऱ्यावर देशातल्या 54 जमातींसाठी 54 चौरस मीटरचा, म्हणजे 9 × 6 मीटरचा ध्वज फडकतो. त्यातही हेच गणित लावले की 1.8 मीटर येतात.

तारा: इथे घाई नको

पाच टोकांच्या ताऱ्याचे केंद्र त्याच्या उंचीच्या मध्यावर नसते. वरचे टोक केंद्रापासून सरळ 18 सेंमी वर जाते. खालची दोन टोकेही केंद्रापासून 18 सेंमीवरच असतात, पण ती तिरकी जातात. सरळ खाली मोजले तर 14.6 सेंमीच भरतात. म्हणून बरोबर लावलेल्या ताऱ्याच्या वर 12 सेंमी लाल जागा राहते आणि खाली 15.4 सेंमी. वर कमी, खाली जास्त. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे चुकल्यासारखे वाटते आणि तो तारा खाली ओढून वर-खाली सारखी जागा करतो. झाले, तारा पावणेदोन सेंमी घसरला. ध्वज उंच चढला की तो लोंबकळल्यासारखा दिसतो, आणि का तसा दिसतो हे कुणाला सांगता येत नाही.

संगणकावर करणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावे. ‘अलाइन सेंटर’ दाबले की बहुतेक सॉफ्टवेअर ताऱ्याभोवतीच्या अदृश्य चौकटीचा मध्य धरते, ताऱ्याचे केंद्र धरत नाही. छापखान्यातून घसरलेले तारे येतात ते बहुधा यामुळे. उपाय सोपा आहे. आधी 36 सेंमी व्यासाचे वर्तुळ काढा, तारा त्यात असा बसवा की पाचही टोके वर्तुळाला टेकतील, दोघांचा गट करा, मग तो गट ध्वजाच्या मध्यावर आणा आणि शेवटी वर्तुळ पुसा.

हाताने काढताना कंपासमध्ये 21.2 सेंमी अंतर धरून वर्तुळावर पाच खुणा करत फिरायची पद्धत पुस्तकात छान दिसते. कापडावर ती वापरू नका. प्रत्येक खुणेला दोन मिमीची चूक झाली तरी पाचव्या खुणेपर्यंत ती एक सेंमी होते आणि तारा कलतो. त्यापेक्षा केंद्रातून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा आणि गुण्या लावून थेट बिंदू टाका:

- वरचे टोक: 18 सेंमी वर
- बाजूची दोन टोके: 5.6 सेंमी वर, तिथून डावीकडे आणि उजवीकडे 17.1
- खालची दोन टोके: 14.6 सेंमी खाली, तिथून डावीकडे आणि उजवीकडे 10.6

आता प्रत्येक टोक एक टोक सोडून पुढच्या टोकाशी सरळ रेघेने जोडा. आतल्या खाचा आपोआप तयार होतात. त्या अंदाजाने काढायच्या नसतात. खाच केंद्रापासून 6.9 सेंमीवर आली आणि बाजूच्या दोन टोकांना जोडणारी रेघ ध्वजाच्या वरच्या कडेला समांतर असली, की तारा बरोबर. कागद दुमडून एका कात्रीत तारा कापायची युक्ती आकाशकंदिलाला ठीक आहे. त्यातून येणारा तारा कधी जाडा, कधी काटकुळा असतो, आणि जाडा झाला तर तुम्ही नकळत 1955 च्या आधीचा ध्वज बनवलेला असतो.

आणखी एक: केंद्राची खूण कडा दुमडून शिवल्यावरच करायची. आधी केली तर दुमडपट्टीत एका बाजूला कापड जास्त जाते आणि केंद्र हलते. काठीचा नेफाही वेगळ्या पांढऱ्या पट्टीचा लावा आणि तो 90 सेंमीत धरू नका. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणले की ते जिथे छेदतात ते केंद्र.

शिवण

तारा दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे आणि दोन्हीकडचे तारे तंतोतंत एकमेकांवर आले पाहिजेत, हे व्हिएतनामच्या संस्कृती मंत्रालयाच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे. दोन वेगळे तारे कापून पुढे-मागे शिवायच्या फंदात पडू नका. ते जुळत नाहीत, आणि उजेड मागून आला की दहा टोकांचा तारा दिसतो.

एकच तारा लावा. 40 सेंमीच्या चौकोनी पिवळ्या कापडावर तारा आखा, केंद्र आणि उभी रेघ लाल कापडाच्या खुणांशी जुळवा, दोन्ही कापडांचे उभे धागे एकाच दिशेला ठेवा, नाहीतर धुतल्यावर चुण्या पडतात. कच्चे टाके घाला. आखलेल्या रेघेवरून मशीनची साधी शिवण मारा, बाहेरचे पिवळे कापड शिवणीपासून दोन मिमी ठेवून कापा आणि त्यावरून दाट झिगझॅग फिरवा. मग ध्वज उलटा करून ताऱ्याच्या आतले लाल कापड शिवणीपासून चार मिमी सोडून कापून टाका आणि मागूनही झिगझॅग द्या. टोकांवर कापड आत दुमडू नका. 36 अंशांच्या टोकात दुमड मावत नाही, गाठोडे होते. तिथे सुई खाली रोवून कापड वळवा.

सुती कापड असेल तर लाल आणि पिवळे शिवण्याआधी वेगवेगळे धुवा.

रंग

नियमात फक्त तेजस्वी लाल आणि तेजस्वी पिवळा असे म्हटले आहे. मरून नको, भगव्याकडे झुकणारा नको, पिवळा सोनेरी किंवा चमचमता नको.

लावताना

नेहमीचा ध्वज उभा टांगू नका. टोक बाजूला जाते. तारा उलटा लागणे तर अजिबात चालत नाही, म्हणून नेफ्याच्या वरच्या टोकाला खूण करून ठेवा.

मुंबईत व्हिएतनामचा वाणिज्य दूतावास आहे, तिथले पाहुणे येणार असतील तर तिरंग्यासोबतचा क्रमही सांभाळा. ध्वजसंहितेप्रमाणे रांगेत तिरंगा सर्वांत उजवीकडे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डावीकडे. काठ्या वेगळ्या, उंची सारखी, ध्वजांचा आकार सारखा. तिरंगा आधी चढतो आणि शेवटी उतरतो.

कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑरेंज काउंटीतल्या लिटल सायगावमध्ये किंवा सॅन होजेत शेजारच्या व्हिएतनामी कुटुंबासाठी कौतुकाने लाल ध्वज लावाल आणि ते दुखावतील. 1975 नंतर देश सोडून आलेल्या अनेक घरांत पिवळा, तीन पट्ट्यांचा ध्वजच आपला मानला जातो. लावण्याआधी विचारा.

राष्ट्रीय दुखवट्यात ध्वज काठीच्या दोनतृतीयांश उंचीवर असतो. त्यावर ध्वजाच्या लांबीइतकी आणि रुंदीच्या एकदशांश रुंद शोकपट्टी लागते. आपल्या मापात 90 सेंमी लांब, 6 सेंमी रुंद. ध्वज फडकू द्यायचा नसतो, तो काळ्या कापडाने बांधून ठेवायचा.