चार बटणं दाबायची असतात! महापालिका, नगरपालिका, झेडपीला मत कसं द्यायचं

१५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं, माझ्यापुढे रांगेत एक काका होते. आत गेले, एक बटण दाबलं आणि सरळ बाहेर यायला निघाले. मशीनचा बीप काही वाजला नाही. आतल्या मॅडम म्हणाल्या, "काका थांबा, अजून तीन राहिलीत." काका म्हणे, "मला ज्याला द्यायचं होतं त्याला दिलं, बाकीच्यांशी मला काय करायचंय?" मग पाच मिनिटं तोच वाद, मागे रांग तटलेली, शेवटी काका चिडून परत गेले आणि उरलेली तीन बटणं टक टक टक दाबून आले. कोणाला दिली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नगरसेवक पाच वर्षं त्या तीन मतांवर पण बसणार आहेत हो.

तर हे लिहायचं कारण तेच. लोकसभा विधानसभेला एक माणूस एक मत, दाबलं की झालं, त्याची सवय इतकी अंगात भिनलीये की स्थानिक निवडणुकीला लोक गडबडतात. आणि इथे गंमत अशी की तुम्ही कुठे राहता त्यावर तुमची मतं किती ते ठरतं.

मुंबईत सोपं आहे, २२७ प्रभाग, एका प्रभागातून एक नगरसेवक, म्हणजे एकच मत. बाकीच्या महापालिकांमध्ये बहुसदस्यीय प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जणांचा, कुठे तीन कुठे पाच. पुण्यात १६५ नगरसेवक आणि ४१ प्रभाग, त्यातला ३८ नंबरचा पाच जणांचा आणि बाकीचे चाळीस चारचे. म्हणजे एकाच शहरात एकाला चार बटणं आणि दुसऱ्याला पाच. महापौर मात्र आपण निवडत नाही, तो नगरसेवक मिळून निवडतात. नगरपरिषदेला उलट आहे, तिथे नगराध्यक्ष थेट लोकांतून, त्यामुळे नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या दोन सदस्यांची दोन अशी साधारण तीन मतं (एखाद्या प्रभागात सदस्य तीन असतील तर चार). नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य म्हणून दोन. झेडपीला दोन, एक गटाचं म्हणजे जिल्हा परिषदेचं आणि एक गणाचं म्हणजे पंचायत समितीचं. ग्रामपंचायतीत वॉर्डात जितके सदस्य तितकी आणि वर सरपंचाचं एक. हे थेट सरपंचाचं प्रकरण २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं, त्यामुळे गावाकडे कोणाला विचारलं तर तो मागच्या वेळचं सांगतोय का आत्ताचं ते आधी बघा.

आता चार जणांच्या प्रभागात त्या चार जागांना अ, ब, क, ड म्हणतात. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, यादी वेगळी. मशीनवर लावलेल्या कागदाचा रंग पण वेगळा, अ ला पांढरा, ब ला फिकट गुलाबी, क ला फिकट पिवळा, ड ला फिकट निळा. हे रंग डोक्यात ठेवले तरी अर्धं काम होतं, एका रंगात एक बटण, बास. एका जागेत दोघांना मत नाही देता येत, आणि दोन जागांची मतं एकालाच पण नाही देता येत, कारण उमेदवार कुठल्यातरी एकाच अक्षराखाली उभा असतो.

एक गैरसमज इतका पसरलेला आहे की वेगळा लिहितो. अ जागा अनुसूचित जातीला राखीव आहे, ब जागा महिलेसाठी आहे, म्हणजे तिथे फक्त त्यांनीच मत द्यायचं असं कित्येकांना वाटतं. नाही. आरक्षण उभं कोणी राहायचं याला आहे, मत द्यायला नाही. प्रभागातला प्रत्येक मतदार सगळ्या जागांना मत देतो. आमच्या सोसायटीत एक जण, शिकलेला माणूस, बायकोला सांगत होता की महिलांच्या जागेचं बटण तू दाब, बाकीची मी बघतो! त्याला म्हटलं दोघांनी मिळून चार नाही, प्रत्येकी चार.

आता आधीच्या तयारीचं. नाव शोधायचं काम मतदानाच्या दिवशी सकाळी करू नका प्लीज. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागाप्रमाणे फोडतो. यावेळच्या निवडणुकांना १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे ज्याने निवडणूक लागल्यावर धावपळ करून नाव नोंदवलं त्याचा उपयोग झाला नाही. नवीन नाव घालायला नमुना ६ आणि घर बदललं असेल तर नमुना ८, हे दोन्ही निवडणूक नसताना निवांत भरायचे फॉर्म आहेत. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा हरकत घेता येते, पण ती कशासाठी, तर नाव भलत्या प्रभागात गेलंय, छपाईत चूक आहे, किंवा विधानसभेच्या यादीत आहे पण इथे गळलंय, यासाठी. नवं नाव तेव्हा घुसत नाही. ही प्रारूप यादी कोणी बघत नाही आणि मग मतदानाच्या दिवशी बूथवर भांडणं होतात, कारण रस्त्याच्या एका बाजूची बिल्डिंग या प्रभागात आणि समोरची त्या प्रभागात असले प्रकार सर्रास असतात.

नाव शोधायला आयोगाचं मताधिकार नावाचं अ‍ॅप आहे, नावाने किंवा कार्ड नंबरने शोधा. विधानसभेला ज्या शाळेत गेला होता तीच शाळा असेल असं धरून चालू नका, केंद्र बदलतं आणि यादीतला अनुक्रमांक तर बदलतोच. तो अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, आतल्या माणसाचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचतो. पक्षवाल्यांच्या टेबलावर स्लिप मिळते ती घ्यायला हरकत नाही, त्याने तुम्ही त्यांचे होत नाही, पण ती ओळखपत्र नाही. ओळखीसाठी मतदार कार्ड, नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटोवालं बँक पासबुक असलं काहीतरी खरंखुरं हातात न्या. मोबाइल घरी किंवा बरोबरच्या माणसाकडे ठेवा, केंद्रात चालत नाही, आणि मोबाइलमधला आधारचा फोटो दाखवतो म्हणणाऱ्याची तिथेच पंचाईत होते.

आत गेल्यावर नाव बघतात, सही किंवा अंगठा, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई, मग मशीनकडे. चार जागा म्हटल्यावर उमेदवार भरपूर, त्यामुळे एकापेक्षा जास्त मशीनं शेजारी शेजारी मांडलेली असू शकतात. एका मशीनवर १६ बटणं मावतात, त्यामुळे कधी एका जागेला एक पूर्ण मशीन लागतं, आणि उमेदवार कमी असतील तर एकाच मशीनवर दोन जागा वरखाली असतात. इथेच माणूस चुकतो. वरची यादी संपली की खाली दुसरी जागा सुरू होते, ते नोटाच्या बटणावरून ओळखा, प्रत्येक जागेच्या शेवटी नोटा असतो.

दुसरी फसवणारी गोष्ट म्हणजे नंबर. कार्यकर्ते सांगतात "आपला दोन नंबर", पण अ मध्ये दोन नंबरला असलेलं चिन्ह ब मध्ये पाचव्याला आणि ड मध्ये तिसऱ्याला असू शकतं. नंबर पाठ करून जायचं असेल तर चारही वेगळे पाठ करा, नाहीतर चिन्ह आणि नाव दोन्ही वाचून दाबा. मी तर डावीकडून सुरू करतो, एक दाबलं, दिवा लागला, पुढची जागा, दिवा, पुढची. सगळ्या जागा झाल्या की मोठा बीप वाजतो. बीप वाजेपर्यंत हलायचं नाही, एवढं एक वाक्य घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा. आणि हो, विधानसभेला काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते तसलं व्हीव्हीपॅट इथे नसतं, तेव्हा चिठ्ठी दिसली नाही म्हणून मशीन बिघडलंय असा गोंधळ घालू नका (असावं की नसावं हा वाद आहे आणि तो कोर्टापर्यंत गेलाय, पण तो बूथवरच्या शिक्षिकेशी घालून काय उपयोग).

आता मुख्य मुद्दा, ही चार मतं वापरायची कशी. याचे लोक तीन प्रकार करतात.

पहिला म्हणजे पॅनेल टू पॅनेल, एका पक्षाच्या चिन्हासमोर चारही. सोपं आहे, पक्षांना हेच हवं असतं, प्रचारात ओरडून हेच सांगतात. पक्ष आवडत असेल तर द्या की, पण होतं काय, पॅनेलमध्ये एक तगडा चेहरा असतो आणि त्याच्या मागे दोन असे येतात ज्यांना प्रभागातली गटारं कुठून वाहतात तेही माहीत नसतं.

दुसरा क्रॉस व्होटिंग. शब्द ऐकून काहीतरी गद्दारी वाटते, पण मतदाराच्या बाबतीत तसलं काही नाही, हा पूर्ण तुमचा हक्क आहे. अ मधली ताई या पक्षाची पण काम करते, क मधला माणूस त्या पक्षाचा, ड मध्ये अपक्ष बरा, असं वेगवेगळं द्यायचं. मी स्वतः असंच देतो. कष्ट जास्त आहेत, चार जागांचे मिळून वीस-पंचवीस उमेदवार बघायला लागतात, त्यांची शपथपत्रं असतात ती चाळायची, कोणावर काय गुन्हे आहेत, मालमत्ता किती आहे ते त्यात असतं. एका संध्याकाळचं काम आहे. एका कागदावर अ ब क ड लिहून पुढे नावं लिहा आणि पाठ करा.

तिसरा नोटा. एखाद्या जागेला कोणीच पटत नाही तर तिथे नोटा आणि बाकीच्यांना नेहमीसारखं मत, असं चालतं. चारही नोटा द्यायची गरज नाही. त्या काकांचं उत्तर हेच होतं खरं तर, एकाला मत आणि तीन ठिकाणी नोटा. रिकामी सोडून निघून जाणं हा पर्याय मशीनमध्ये नाही आणि डोळे मिटून दाबणं हा त्याहून वाईट. नोटाला किंमत नाही म्हणणाऱ्यांना सांगा, नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्य निवडणूक आयोगाने महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आदेश काढला की नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर त्या जागेवर कोणीच निवडून येत नाही, परत निवडणूक घ्यायची. फेरनिवडणुकीत पण नोटाच पुढे राहिला तर मात्र त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. लोकसभेच्या नोटाला एवढं पण वजन नाहीये. फक्त जागा बिनविरोध झाली तर तिथे मतदानच होत नाही, नोटा दाबायची संधीच नाही, त्यामुळे चारऐवजी तीनच बटणं असली तर दचकू नका.

ज्यांना मशीनपर्यंत सरळ जाता येत नाही त्यांचं थोडक्यात. दिसत नसेल किंवा हात चालत नसेल तर बरोबर एक साथीदार नेता येतो, तो १८ च्या वरचा हवा, त्याच्याकडून लिहून घेतात, आणि एक माणूस एकाच मतदाराचा साथीदार होऊ शकतो. म्हणजे एकच कार्यकर्ता दहा आज्यांना आत नेतोय असं दिसलं तर बोला. ज्येष्ठ, दिव्यांग, गरोदर बायका, तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया यांना रांगेत पुढे सोडतात, मागायला लाजू नका. लोकसभेला ८५ च्या वरच्यांचं मत घरी येऊन घेतात तसं इथे होईल असं मात्र धरू नका.

टपाली मत निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्यांसाठी. शिक्षक मंडळींनो, अर्ज ट्रेनिंगच्या वेळीच द्या, आणि सोबतचं घोषणापत्र साक्षांकित करायचं विसरू नका, मतपत्रिकेवर सही-बिही करू नका, या दोन कारणांनी मत बाद होतं. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असलेल्यांना टपाल नाही, ऑनलाइन नाही, यावंच लागतं. बिहारमध्ये २८ जून २०२५ ला नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइल अ‍ॅपवरून मतदान करून बघितलं, आपल्याकडे अजून तसलं काही नाही.

नावापुढे दोन चांदण्या दिसल्या तर घाबरू नका, ते संभाव्य दुबार नाव असतं. मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं लिहून घेतात आणि ओळख नीट तपासून मत देऊ देतात.

आणि शेवटचा प्रकार, जो कोणावर येऊ नये. तुम्ही पोचलात आणि कळलं की तुमच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलंय. बहुतेक जण इथे चार शिव्या घालून घरी जातात. जाऊ नका. केंद्राध्यक्षांना सांगा मला प्रदत्त मत द्यायचंय, टेंडर व्होट म्हटलं तरी कळतं. तुमची ओळख पटली की मशीनवर नाही पण कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ते पाकिटात वेगळं ठेवतात. साध्या मोजणीत ते धरत नाहीत हे खरं, पण निकाल कोर्टात गेला आणि फरक पाच-सात मतांचा असला तर ती पाकिटं महत्त्वाची ठरू शकतात, आणि प्रभागाच्या निवडणुकीत पाच-सात मतांचा फरक ही काही नवलाची गोष्ट नाही. वेळ यावेळी सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच होती, साडेपाचला जो आवारात रांगेत आहे त्याला चिठ्ठी देतात आणि त्याचं मत होतंच, तेव्हा पाच वाजून वीस मिनिटांनी आठवलं तरी चपला घाला आणि निघा.