मोटारसायकलला क्रूझ कंट्रोल बसवताना: वेग धरण्याआधी सुटण्याची सोय

सोलापूरहून मोटारसायकलने पुण्याला जायचे म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरचा चौपदरी रस्ता, आणि त्यात मोहोळपासून इंदापूरपर्यंत वळणे इतकी थोडी की मूठ एकाच जागी पिळून धरून उजवे मनगट आखडून जाते. या त्रासापायी अनेक जण बाहेरून क्रूझ कंट्रोल, म्हणजे मूठ न धरताही ठरवलेला वेग कायम राखणारी यंत्रणा, बसवून घ्यायचा विचार करतात आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारतात तो वेग किती अचूक धरला जातो हा. माझ्या मते तो नंतरचा प्रश्न आहे. ब्रेकला बोट लागताच, क्लच दाबताच किंवा एखादी वायर निसटताच ही यंत्रणा थ्रॉटल, म्हणजे मुठीने उघडणारी इंजिनची झडप, किती खात्रीने सोडते, हे आधी पाहावे.

मुठीवर आवळून बसणारा थ्रॉटल लॉक हा क्रूझ कंट्रोल नव्हे. तो मूठ आहे तिथे अडवून धरतो, त्यामुळे उड्डाणपुलाच्या चढावर वेग पडतो आणि उतारावर वाढतो. खरी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चाकाचा वेग मोजत राहते आणि त्यानुसार थ्रॉटल कमी-जास्त करते.

सामान मागवण्यापूर्वी आपल्या गाडीच्या मुठीतून केबल निघते की फक्त वायरी निघतात, हे पाहून घ्यावे. वायरीच असतील तर गाडी राइड-बाय-वायर आहे. अशा गाडीत मुठीतला सेन्सर एकाच वेळी दोन स्वतंत्र सिग्नल पाठवतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) त्यांचा एकमेकांशी मेळ लागतो का ते सतत तपासत असतो. या वायरी कापून, सोलून किंवा झाळून जोड दिला आणि दोन सिग्नलांत तफावत पडली, तर इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी जेमतेम ओढते. म्हणून आपल्याच मॉडेलसाठी आणि आपल्याच वर्षासाठी बनवलेला, मूळ कपलरमध्ये (वायरी जोडण्याच्या प्लगमध्ये) बसणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगाच, घ्यावा. केबलच्या गाडीला मात्र थ्रॉटल ओढणारी वेगळी मोटर लागते किंवा इंजिनच्या व्हॅक्यूमवर (शोषणावर) चालणारा, केबल ओढणारा अ‍ॅक्च्युएटर लागतो. एका सिलिंडरच्या गाडीत व्हॅक्यूम ठोक्याठोक्याने येतो, त्यामुळे एकदिशा व्हॉल्व्ह आणि साठवणीचा छोटा डबा लावल्याशिवाय तो अ‍ॅक्च्युएटर नीट काम करत नाही. जागेची अडचण पाहता अशा गाडीला मोटरचाच पर्याय सोयीचा पडतो.

पैसे भरण्यापूर्वी कायद्याचीही बाजू पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनात परस्पर केलेल्या बदलांविषयी आहे, तेव्हा माहितीपत्रक घेऊन आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. वॉरंटीतल्या गाडीच्या वायरिंगला हात लावण्याचे परिणामही समजून घ्यावेत.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर प्रथम सोडवावी आणि पेट्रोल कमी असतानाच टाकी उतरवावी. वीजपुरवठा इग्निशन चालू केल्यावरच मिळेल असा रिलेमधून (विजेने चालणाऱ्या स्विचमधून) घ्यावा आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ ठेवावा. अर्थिंगसाठी चासीवरचा रंग खरवडून उघडा धातू काढावा किंवा वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी.

सर्वांत जास्त वेळ ब्रेकच्या जोडणीला द्यावा. ब्रेक दाबल्याचे यंत्रणेला कळते ते मागच्या ब्रेक-दिव्याकडे जाणाऱ्या वायरीवरून; ती वायर मल्टिमीटरने शोधावी: पुढचा लिव्हर दाबल्यावर आणि मागचे पेडल दाबल्यावर, दोन्ही वेळा तिच्यावर सुमारे १२ व्होल्ट दिसले पाहिजेत. मागच्या ब्रेक स्विचची स्प्रिंग अशी जुळवावी की ब्रेक चाकाला पकडण्याआधीच दिवा लागेल. काही यंत्रणा ब्रेक न दाबलेल्या स्थितीत या वायरीला बल्बच्या फिलामेंटमधून अर्थ मिळतो की नाही हेही तपासतात. मी माझ्या गाडीचा मागचा बल्ब काढून एलईडी लावला तेव्हा क्रूझ एकाएकी सेट होईना. दोन रविवार मी वेगाच्या सेन्सरमागे घालवले, आणि शेवटी जुना बल्ब परत लावताच यंत्रणा निमूट चालू झाली. एलईडीच ठेवायचा असेल तर त्या वायरीवर योग्य रिले लावून घ्यावा.

क्लचचा स्विच वगळण्याचा मोह टाळावा. तो नसेल तर क्लच दाबताच इंजिनवरचा भार जातो, वेग पडतो आहे असे समजून यंत्रणा आणखी थ्रॉटल देते आणि इंजिन किंचाळते. इंजिनचे फेरे अचानक वाढल्यास सुटण्याची सोय बऱ्याच यंत्रणांत असते, तरीही स्विच त्याआधी काम करतो.

मॉड्यूल, म्हणजे यंत्रणेचा नियंत्रक डबा, सीटखाली पक्क्या क्लॅम्पने बसवावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीची दुहेरी चिकटपट्टी मेणासारखी सुटते. कपलरची तोंडे खाली करावीत, म्हणजे पावसाचे पाणी आणि काळ्या मातीचा चिखल आत साचत नाही. वायरी सायलेन्सरपासून दूर न्याव्यात आणि हँडलच्या मानेजवळ त्यांना पुरेसा ढिलेपणा ठेवावा.

सगळे जोडून झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. इंजिनचा आवाज तसूभरही चढला, तर केबल कुठेतरी ताणली जात आहे असे समजून काम पुन्हा उघडावे. केबलच्या गाडीत मुठीला दोन ते तीन मिलिमीटरचा मोकळा खेळ राहिलाच पाहिजे, आणि मूठ सोडताच ती झटकन मिटली पाहिजे.

रस्त्यावरची चाचणी पहाटे, कोरड्या आणि मोकळ्या पट्ट्यावर घ्यावी. ताशी ५० वर सेट करून पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, क्लच आणि बंद करण्याचे बटण हे चारही मार्ग एकेक करून तपासावेत, आणि प्रत्येक वेळी पुन्हा सेट करावे. एकही मार्ग चुकला तर ती यंत्रणा त्या दिवशी वापरू नये. त्यानंतरच वेग वाढवावा, आणि दुचाकीला चौपदरी महामार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे हे ध्यानात ठेवावे. ओल्या रस्त्यावर, गावाच्या हद्दीत आणि उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर क्रूझ बंदच ठेवावा, कारण मागे दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली पन्नास पावलांवर येईपर्यंत दिसत नाही.

शंभर किलोमीटर झाले की टाकी पुन्हा उचलून प्रत्येक कपलर हाताने ओढून पाहावा आणि हँडलच्या मानेपाशी वायरीचे आवरण घासले आहे का, ते बोटाने चाचपावे.