बाकावरचं गुपित : बडोद्याच्या मोफत दवाखान्यात दुभाषी म्हणून बसणाऱ्यांसाठी

दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात वाढलेल्या मराठी माणसाला गुजराती येतेच. घरात मराठी, गल्लीत गुजराती, असंच आपलं सगळं. त्यामुळे भाषेवर मी फार लिहीत नाही. रविवारच्या मोफत ओपीडीत नवा माणूस अडतो तो डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर.

आपल्याकडे येणारे मराठी पेशंट बहुतेक दोन प्रकारचे. नंदुरबार-धुळ्याकडून बांधकामावर आलेली कुटुंबं, आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांत नोकरीला असलेल्या मुलाकडे राहायला आलेले गावाकडचे आईवडील. तुम्ही केस पेपर हातात घेऊन नुसतं "काय होतंय आजी?" विचारलंत की मन मोकळं व्हायला लागतं. सुनेचं निघतं, जमिनीचं निघतं, औषधाचं निघतं. मग आवाज खाली येतो : "हे डॉक्टरला नको सांगू हं, पोरी."

मी इथेच कात्रीत सापडले होते, म्हणून जरा विस्ताराने सांगते. गुडघे धरलेल्या एक आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. कनवटीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. आत तपकिरी भुकटी, कागदावर ना नाव ना तारीख. गावाकडच्या कुणाकडून तरी मागवतात, वर्षभर रोज घेतात, गुडघ्याला लगेच आराम पडतो. शुगरच्या गोळ्याही चालू होत्या. आत हे कळलं तर डॉक्टर रागावतील आणि मुलगा पुड्या फेकून देईल, म्हणून माझा हात धरून त्यांनी शब्द मागितला.

आता यातला धोका बघा. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं झटकन थांबतं आणि शुगर चढते. डॉक्टरांना पुडी माहीतच नसेल तर ते रिपोर्ट बघून शुगरची गोळी वाढवणार. बरं, आपणच "आजी, आजपासून ही पुडी बंद" म्हणून मोकळं व्हावं, तर ते त्याहून वाईट. बरेच महिने बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. ते एकदम तोडलं तर उलट्या होतात, माणूस गळून जातो, बीपी उतरतं, जिवावरही बेतू शकतं. ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं असतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी पेशंटचं नुकसान, आणि सल्ला दिलात तरी नुकसान.

मी शब्द दिला नाही. म्हटलं, "आजी, तुमचं सगळं बोलणं आत पोचवणं हेच माझं काम आहे. पुडीचं तुम्हीच सांगा, मी शेजारी बसते. मुलाला थोडं बाहेर थांबवू का?" बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्यावर पुडी त्यांनीच टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावले नाहीत. कधीपासून घेता, दिवसातून किती वेळा, एवढंच विचारून त्यांनी केस पेपरवर लिहून घेतलं.

म्हणून पहिल्या भेटीत, तब्येत विचारण्याच्याही आधी, एवढं बोला : "तुम्ही बोलाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगेन, डॉक्टर बोलतील ते सगळं तुम्हाला. बाहेर कुणाला सांगणार नाही. जे डॉक्टरांना सांगायचं नाही, ते मलाही सांगू नका." शेवटचं वाक्य तोंडातून निघत नाही, तरी काढा. पेशंटजवळ बाकावर एकटं बसणं शक्यतो टाळा, नंबर आला की सोबत आत जा. आधीच काही कानावर पडलं असेल तर पेशंटलाच बोलायला सांगा. नाहीच म्हणाले आणि जिवाला धोका दिसत असेल, तर डॉक्टरांना सांगायचं. पण सांगणार आहोत हे पेशंटला आधी सांगून.

गुजराती शाळेत जाणाऱ्या पोरांना आईचं दुभाषी करणं मला अजिबात मान्य नाही. शाळकरी मुलीला आईच्या पाळीच्या तक्रारी पुरुष डॉक्टरांना सांगायला लावलेलं मी पाहिलंय. मुलगी फरशीकडे बघत होती आणि आईने निम्म्या तक्रारी गिळल्या. मुलीला प्रेमाने बाहेर बसवा आणि तुम्ही आत जा. मोबाइलच्या भाषांतरावरही विसंबू नका. अहिराणी बोलणाऱ्या बाईच्या तोंडापुढे फोन धरला की ती बोलायचीच थांबते. आणि "मी थोडक्यात सांगतो, रांग लवकर सरकते" म्हणणारे जुने स्वयंसेवक भेटतील. त्यांच्याकडून चहाची वेळ शिका, काम शिकू नका.

शिकायचं तर औषधांच्या खिडकीजवळ बसा. टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते आणि घाबरून लोक गोळ्या सोडतात, हे तिथे कळतं. लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं. इन्सुलिनची बाटली 40 ची (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) आणि सिरिंज 100 ची असली तर डोस चुकतो. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल असतं, 100 च्या सिरिंजचं नारिंगी. हे सांगायचं फार्मासिस्टनेच, पण तुम्हाला माहीत असलं तर सांगताना जीभ अडखळत नाही. आणि "हो, समजलं" यावर कुणालाही सोडू नका. "घरी गेल्यावर मुलाला कसं सांगाल?" असं विचारा आणि पेशंटच्या तोंडून पूर्ण ऐका.

सुरुवातीला डोकं भणाणतं. पेशंटशी गुजरातीत आणि डॉक्टरांशी मराठीत बोलून जाता. हे सगळ्यांचं होतं, काही रविवारांत बसतं. डॉक्टर लांबलचक बोलायला लागले तर "साहेब, एवढं सांगून घेते" म्हणून थांबवा, बहुतेक जण खुशीने थांबतात. आकडे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. किती गोळ्या, किती वेळा, किती दिवस, हे वहीत लिहा आणि ओपीडी संपली की ती पानं तिथेच फाडून टाका.