दुकानाच्या वेबसाइटवर कुकीची परवानगी कशी मागावी

पुण्यातून दिवाळीचा फराळ वेबसाइटवरून विकणारे, अगदी जर्मनीपर्यंत पाठवणारे घरगुती व्यावसायिक आता कमी नाहीत. साइट बनवून देणारा तळाशी ‘आम्ही कुकीज वापरतो, ठीक आहे’ अशी पट्टी लावून देतो आणि मालक निर्धास्त होतो. कुकी म्हणजे साइटने गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; परवानगी मागणारी ही पट्टी बऱ्याचदा निव्वळ शोभेची असते.

खात्री करायची तर संगणकावर क्रोमची इनकॉग्निटो विंडो उघडा. आपली साइट उघडा, पण पट्टीला हात लावू नका. एफ12 दाबून ‘ॲप्लिकेशन’मध्ये ‘कुकीज’ पाहा. नावात ‘जीए’ (ga) दिसलं तर बहुधा गूगल ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोण काय बघतं ते मोजणारी सेवा; ‘एफबीपी’ (fbp) दिसलं तर मेटा पिक्सेल, म्हणजे फेसबुकच्या जाहिरातींसाठी माग ठेवणारा कोड. म्हणजे गिऱ्हाईक हो म्हणायच्या आतच त्याची नोंद सुरू झालेली आहे. साइटवाल्याला स्पष्ट सांगा: माग ठेवणारे हे कोड होकारानंतरच सुरू झाले पाहिजेत. खरेदीची टोपली किंवा लॉगिन चालवणाऱ्या कुकीजना मात्र वेगळी परवानगी लागत नाही.

मग बटणं. ‘चालेल’ आणि ‘नको’ एकाच आकाराची, शेजारी शेजारी. ‘नको’ तीन पानं आत लपवणं हा लबाडपणा आहे, आणि महागही: याच कारणावरून फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी युरोंचा दंड केला. आधीच टिक केलेला चौकोनही चालत नाही. युरोपीय न्यायालयाने 2019 मध्येच तसं सांगितलंय. युरोपातल्या ग्राहकांना माल विकायला काढलात की तिथला जीडीपीआर हा डेटा संरक्षण कायदा पुण्यात बसूनही लागू होतो.

आपला 2023 चा डेटा संरक्षण कायदा कुकीजचं नाव घेत नाही, पण कुकीतून माणूस ओळखता येत असेल तर ती माहिती वैयक्तिक डेटाच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. संमतीच्या तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही. त्यासाठी साइटच्या तळाशी ‘कुकीची निवड बदला’ अशी कायमची लिंक ठेवा.

आता नव्या इनकॉग्निटो विंडोत ‘नको’ दाबून दोन-तीन पानं फिरा, कुकीजची यादी पुन्हा बघा; ‘जीए’, ‘एफबीपी’ दिसता कामा नयेत. कोणी कधी काय निवडलं याची नोंदही ठेवायला सांगा, कारण वाद झाला तर संमती होती हे सिद्ध करायची जबाबदारी दुकानदाराची आहे.