पंचगंगेचा पूरनकाशा करायचाय? आधी उसात जा

रिमोट सेन्सिंगमध्ये, म्हणजे उपग्रहावरून जमीन वाचण्याच्या कामात शिरायचंय म्हणून पोरं भेटायला येतात. मी म्हणते, ऑगस्ट २०१९ च्या पुराचा एक नकाशा करून आणा, मग बोलू.

साधे उपग्रह-फोटो घेऊ नका. पुराच्या दिवसांत त्यात कोल्हापूर नसतं, नुसते ढग असतात. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाचं रडार घ्या. त्याच्या साधारण साडेपाच सेंटिमीटरच्या लहरी ढगातून आरपार जातात आणि डेटा फुकट मिळतो. पुरातलं एक दृश्य, मे महिन्यातलं एक. दोन्ही एकाच कक्षेतली हवीत, नाहीतर कोन बदलतो आणि तुलना फसते.

स्नॅप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कॅलिब्रेशन (उजळपणा मापात आणणं), स्पेकल फिल्टर (दाणेदार ठिपके कमी करणं), टेरेन करेक्शन (चढउतारामुळं सरकलेलं चित्र जागेवर बसवणं), मग उजळपणा डेसिबलमध्ये. संथ पाणी लहर आरशासारखी पलीकडं उडवतं, म्हणून काळं दिसतं. हिस्टोग्रामला, म्हणजे कुठल्या उजळपणाचे किती ठिपके आहेत त्या आलेखाला, दोन उंचवटे आले तर मधल्या खळग्यात थ्रेशोल्ड, म्हणजे पाणी आणि कोरडं यांची सीमा धरा. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा उचलू नका. उजळाईवाडीची धावपट्टीही काळीच दिसते, पण ती मे महिन्यातही काळी असते, म्हणून तुलनेत गळते.

खरी गोची उसाची. माझा पहिला नकाशा घेऊन मी चिखलीला मामाकडं गेले. मामानं तो दोनदा फिरवून बघितला. "आमचं शिवार कोरडं दाखवलंयस की गं! आम्ही माळ्यावर चढून बसलो हुतो." मग शेतात नेलं. उसाच्या पाल्यावर माझ्या छातीपर्यंत वाळलेला गाळ होता. उभ्या उसात लहर पाण्यावरून कांड्यावर आपटून परत उपग्रहाकडंच येते, म्हणून काळ्याऐवजी उजळ दिसतं; पाला दाट असला तर पाण्यापर्यंत पोचतच नाही. मी त्याला कोरडं समजले होते. आता ऊस वेगळा काढते आणि उंचीच्या नकाशावर बघते: शेजारची उंच जमीन बुडाली असेल, तर सखल ऊस कोरडा राहीलच कसा?

तपासणीला मोबाईलचं जीपीएस आणि टेप पुरे. पाणी न आलेल्या जागाही नोंदवा, त्या सगळेच विसरतात. नकाशा किती जागी बरोबर आला, किती जागी फसला, तो चुकांचा तक्ता मात्र जपून ठेवा. मुलाखतीत मी तरी तोच आधी मागते.

पदवी भूगोल, भौतिकशास्त्र, शेती, कुठलीही चालते. देहरादूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्स करा. पुढं नोकरीला नागपूरचं एमआरसॅक (राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र), हैदराबादचं एनआरएससी (इस्रोचं) आहेच.

आणि पाणी उतरलं की लगेच निघा. गणपतीच्या तोंडावर लोक भिंती धुवून रंगवतात, पुराची खूण त्यातच जाते.