ओटीपी येत नाही? सड्यावर चढण्याआधी या चुका टाळा

“सड्यार जावन इलंय, तरी ओटीपी येना नाय,” दुकानात शिरता शिरता तात्या म्हणाले. आमच्या देवगडात रेंजसाठी सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं पठार, गाठणं कुणाला नवं नाही, त्यामुळे ओटीपी अडला की खापरही रेंजवरच फुटतं. मी त्यांचा ऑनलाइन अर्ज उघडून पाहिला. नंबरच्या रकान्यात घरचा लँडलाइन! शून्य गाळलं की एसटीडी कोडचे २३६४ आणि पुढचे सहा, दहा आकडे बरोबर भरतात. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतो, हे काही अर्ज तपासतात. हा तपासत नव्हता. एसएमएस निघाला लँडलाइनकडे, जिथे तो उतरूच शकत नाही, आणि तात्या मोबाइल हातात धरून सड्यावर.

“तोच नंबर पाठ आसा,” ते म्हणाले.

दुसरी चूक घाईची. सिम हरवलं, त्याच नंबरचं नवं घेतलं आणि संध्याकाळीच बँकेचं काम काढलं. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवतात. तुमच्या नावाने एखाद्या भामट्याने सिम काढलं असेल, तर ओटीपी त्याच्या हाती पडू नयेत म्हणून. उगाच टॉवरला शिव्या देऊ नका.

रिचार्ज संपला की आधी जाणारे फोन बंद होतात, काही दिवसांनी येणारे मेसेजही. मुंबईला मुलाकडे चार-सहा महिने राहून येणाऱ्यांचा गावचा नंबर असाच जातो. ९० दिवस वापरच नसेल तर कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग तुमचे ओटीपी त्याला! बँकेत नि आधारला जुना नंबर तसाच ठेवणं, ही मला सगळ्यांत महागात पडणारी चूक वाटते.

आखातातून सुट्टीवर आलेल्यांचा +९७१ वाला नंबर इथले बरेच अर्ज घेतच नाहीत. ॲपवर फुकट मिळणारे इंटरनेटचे नंबरही अनेक सेवा ओळखून नाकारतात. डीएनडीला, म्हणजे नको असलेले फोन-मेसेज अडवणाऱ्या सोयीला, मात्र लोक उगाच बोल लावतात. त्याने जाहिराती अडतात, ओटीपी नाही. स्मार्टफोन असेल तर स्पॅमचा कप्पा तेवढा उघडून बघा. आणि ‘पुन्हा पाठवा’ दाबत सुटू नका, चारांतला बहुधा शेवटचाच चालतो.

तात्यांचा मोबाइल नंबर घातला, तरी मेसेज येईना. बटणांचा फोन. वरच्या कोपऱ्यात पाकिटाचं चिन्ह लुकलुकत होतं, म्हणजे इनबॉक्स गच्च. रिचार्जच्या वीसेक जाहिराती पुसल्या आणि टुंग वाजलं.